तन्वीचं तिसरं प्रकरण

३ फेब्रु., मंगळ.
परळचा वर्ग. नऊ जण, सगळे पीएच.डी.चे. प्रबंध इंग्रजीत लिहायचाय आणि वाक्य कुठे संपवायचं ते एकालाही कळत नाही. फळ्यावर पुन्हा तेच : दावा केलात, पुरावा द्या. लालबागची तन्वी शेवटपर्यंत थांबली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या बायकांवर लिहितेय. तिसरं प्रकरण दिलं. महिनाअखेर जमा करायचंय.

५ फेब्रु., गुरु.
दुपारभर तन्वीचं प्रकरण. हिरूबाई नावाच्या कोळणीबद्दल एकच वाक्य, सात ओळी. नवरा वादळात होडीबरोबर गेला, होडीच्या फळ्या आल्या, तो आला नाही, सहा वर्षं झाली, ती अजून... सगळं खोडलं. वर लाल पेनाने एकच शब्द : विडो. सुटसुटीत झालं.

१० फेब्रु., मंगळ.
तन्वी : "मॅडम, तो शब्द ठेवायचाच का?"
"सहा वर्षं झाली ना? मग? परीक्षक तुझी कादंबरी वाचायला बसलेत?"
वर्ग हसला. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते मराठीत वाचून दाखवायचं, हा माझाच नियम. तन्वी शनिवारी हिरूबाईकडे जाते म्हणाली.

१५ फेब्रु., रवि.
सकाळी तन्वीचा फोन. रडत होती. "रडणं नंतर. क्रमाने सांग."
काल वाचून दाखवलं. हिरूबाई सुकट निवडत होती. 'विधवा' आलं आणि हात थांबला. म्हणाली, "तुमचे कालेजान कसा कलला? बॉडी गावली काय त्याची?"
तन्वी म्हणाली, नाही हो मावशी, असं लिहायची पद्धत असते.
"शिकलेली बाय उगाच नाय लिवत. कलला असंल तर सांग ना गो."
तिला वाटतंय आम्हाला ठाऊक आहे आणि आम्ही लपवतोय.

१७ फेब्रु., मंगळ.
वर्ग. तन्वी आली नाही. फळ्यावर लिहीत होते, मागे बांगड्या वाजल्या. वळले. मुलींच्या हातात घड्याळं. पुन्हा लिहायला लागले, पुन्हा वाजल्या. "कोण आहे ते?" केवढ्याने ओरडले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक मुलगा : "मॅडम, बरं नाही का?" वर्ग लवकर सोडला.

१८ फेब्रु., बुध.
घरातही. भांडी घासताना. नळ बंद केला की थांबतात.
ह्यांना जाऊन अकरा वर्षं. शेवटी ह्यांचा हात माझ्या हातात होता, नंतर पालिकेचा दाखला. मला तो शब्द लिहायला काहीच लागलं नाही.

१९ फेब्रु., गुरु.
तन्वीला फोन केला. हिरूबाई पोलीस चौकीत जाऊन आली. काही नोंद नाही. 'कॉलेजला कळलं आणि आम्हाला नाही?' म्हणून हसले तिथे. आता दीर म्हणतो, शिकलेल्या बाईने लिहिलंय, म्हणजे झालं. रविवारी बांगड्या उतरवू, दिवस करून टाकू.
"आणि ती काय म्हणते?"
"ती काहीच बोलत नाही, मॅडम."

२१ फेब्रु., शनि.
तन्वीबरोबर मच्छीमार नगर. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखालून वाकून वाट. ठाकूरद्वारला राहून जन्म गेला, इथे कधी आले नव्हते. हिरूबाई दारात. माझ्याच वयाची. उजवा हात पार मोकळा. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. उशीर झाला वाटलं.
तन्वी कानाशी : "तो हात मोकळाच असतो, मॅडम. त्या बांगड्या लग्नातच दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून."
डाव्या हातात होत्या. हिरव्या.
चहा आला. दीर समोर बसला. मी स्पष्ट सांगितलं : मी लिहिलं ते चूक आहे. मला काही माहीत नाही. कुणालाच नाही.
दीर : "बाय, तुमी मास्तरीण. तुमची कशी चूक व्हईल?"
"झाली. मी खोडणार आहे."
हिरूबाई तोवर जमिनीकडे बघत होती. मान वर केली. "खोड. मंग तो हाय, असा लिव."
प्रकरण मांडीवर होतं, पेन हातात. तन्वी माझ्याकडे बघत होती. दीरसुद्धा.
पेन कागदावर टेकवलं, पुन्हा उचललं.
"लिव ना गो," ती म्हणाली.
दीर म्हणाला, "च्या पी, बाय. गार व्हतंय."
प्याले. उद्या रविवार.