शीतखोलीच्या चौथ्या तपासणीबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
शीतखोली योजना कक्ष,
जि. अहिल्यानगर

अर्जदार : छबूबाई आसाराम गोपाळघरे, रा. खर्डा, ता. जामखेड

विषय : आधी वीज देऊन मग तपासणी करणेबाबत.
संदर्भ : आपली तपासणीची तीन पत्रे.

महोदय,

आम्ही सात बायकांनी यंदा ऊसतोडीला न जाता स्ट्रॉबेरी लावली व योजनेतून शीतखोली बांधली. हे फळ पहाटे देठासकट तोडून लगेच थंडाव्यात गेले तर आठवडाभर टिकते, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाणी सोडते. तपासणीशिवाय खोलीला वीज नाही आणि खोलीत फळ भरल्याशिवाय तपासणी नाही, असा आपला नियम आहे. तो आम्ही तीनदा पाळला.

१. पहिल्या तारखेस वीस पेट्या भरून ठेवल्या. आपण आला नाहीत. कारण विचारलेले नाही.

२. दुसऱ्या तारखेस आपण दुपारी चारला आलात. बंद खोलीत फळ मऊ पडले होते. आपण शेरा मारलात, "खोली फळ टिकविण्यास असमर्थ." साहेब, विजेविना फ्रीजसुद्धा नुसते कपाटच असते.

३. तिसऱ्या वेळी चूक आमची. माझ्या सासूबाई बायडाबाई यांनी पेट्यांतले सगळे फळ धुऊन पुन्हा भरले. धुतलेली स्ट्रॉबेरी टिकत नाही हे त्यांना सांगितले होते. त्या म्हणाल्या, "साहेब येनार, अन् त्यान्ला मातीची फळं दाखवायची व्हय?" आपण एक दिवस उशिरा आलात, तोवर बुरशी धरली होती. तेव्हापासून त्या शेताकडे फिरकलेल्या नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

आता चौथी तारीख २८ मार्च कळविली आहे. तोवर उन्हाने रोपांवर काही उरणार नाही. फळाऐवजी कांदे भरले तर चालतील का, असे कार्यालयात विचारले असता लेखी अर्ज करा असे सांगण्यात आले. हाच तो अर्ज समजावा.

मी थकले आहे. बाकीच्या सहाजणी रोज विचारतात, पुढच्या वर्षी रोपे लावायची की पुन्हा कोयता घ्यायचा. आठ दिवस वीज द्यावी, मग वाटेल ती तपासणी करावी.

आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
(सही) छबूबाई आसाराम गोपाळघरे
दि. १२ मार्च २०२५

सोबत :
१) आपली तीन पत्रे व शेऱ्याची प्रत.
२) स्ट्रॉबेरी, एक पेटी, शेवटच्या काही तोड्यांतली. आज पहाटे तोडलेली, न धुतलेली. फाईलला लावू नये. सासूबाईंनी पाठवली आहे, आजच धुऊन खावी.