कड्यांचं माप

२७ डिसेंबर १९३८, मंगळवार
हे माझ्यासाठी चांदीची कडी करणार! संक्रांतीला. शेलूबाजारच्या सोनाराची बायको आणि हातात नुसती काच, असं मीच परवा टोचून बोलले होते. आज पंज्याला दोरा गुंडाळून माप घेतलं, गाठ मारली. म्हणाले, "भरला हात हाये तुया." लाजले मी.

३१ डिसेंबर
दुकानाच्या दारात बसून बघितलं. चांदीच्या पत्र्याची पोकळ नळी वळली. मग जंत्रीच्या, म्हणजे पोलादी पट्टीच्या, भोकांतून सांडशीनं ओढायची — प्रत्येक भोक आधीच्याहून लहान. नळी मधे जाड हवी, टोकांकडे बारीक, म्हणून टोक तेवढं ओढून थांबायचं. जरा जास्त ओढली की पोट बारीक आणि नळी लांब, कडं मोठं; कमी ओढली की कडं लहान! "कुठं थांबाचं ते हातालेच समजते," म्हणाले.

१४ जानेवारी १९३९, संक्रांत
कडी आधी माझ्या गळ्यातल्या चांदीच्या टाकाला लावली. टाकावर कोरलेली प्रयाग — ह्यांची पहिली बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. रीतच आहे, नवं काहीही आधी तिचं, मग माझं. मी चिडले, पण लावली.

घालायला गेले तर बोटांच्या मुळाशीच अडली! तेल लावलं, साबण लावला. हात सोलला. सासूबाई म्हणाल्या, "तिले पसंत नसंन." हे दोरा पुन्हा पुन्हा बघत राहिले. गाठ बरोबर होती.

२४ जानेवारी
वितळवून पुन्हा केली. पुन्हा तेवढीच! ह्यांचा चेहरा उतरला. "दोरा समोर होता वं, तरी हात तिथंच थांबते."

तिथं म्हणजे कुठं? सासूबाईंनी सांगितलं. प्रयागला बारीक ताप होता, ती आटत गेली. कडी गळून पडायची, म्हणून ह्यांनी तीनदा लहान केली. हे तिचं शेवटचं माप.

मला भीती वाटते. कडी कोनाड्यात ठेवली आहेत. चुलीशी बसलं की नेमकी तिकडेच पाठ होते.

९ फेब्रुवारी
कालपासून कणकण.

२ मार्च
ताप हटत नाही. वैद्य ओसरीवर ह्यांच्याशी हळू आवाजात बोलले. नंतर ह्यांनी मला हाक मारली — "प्रयाग!"
मी ओ दिली.

१९ मार्च
आज कडी घालून पाहिली. तेल नाही, साबण नाही, सरळ मनगटावर गेली. सासूबाई हरखल्या, "पाह्य, तिनं हो म्हटलं!"

हे माझ्या हाताकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "आण इकडं. पडतीन. जराशी लहान करतो."