भाताविना पंगत

आंधळगाव,
दि. ६ डिसेंबर १९८१

तीर्थस्वरूप खेमराजदादा यांचे चरणी मधुकराचा साष्टांग नमस्कार. (कंबरेच्या दुखण्यामुळे अष्टांगांपैकी पाचच भूमीस टेकली आहेत, उर्वरित तिन्हींची भावना गोड मानून घ्यावी.) आपली प्रकृती, वहिनींचा गुडघा आणि शहापूरच्या गोठ्यातील नवी म्हैस ही सर्व सुस्थितीत असावीत, अशी प्रार्थना. येथे सर्व क्षेम आहे. गेल्या रविवारी दुपारी दोनपर्यंत मात्र नव्हते. त्याचाच हा सविस्तर वृत्तान्त.

आपली भाची चंद्रकला हिला पाहावयास साकोलीचे मारोतराव सहकुटुंब येणार, हे आपणांस विदित होतेच. चिरंजीव भोजराज शिक्षक, स्वभावाने सौम्य. पूर्वीची दोन स्थळे हातची गेल्यामुळे हे तिसरे जाऊ नये, हाच माझा एकमेव ध्यास. परंतु मारोतरावांना मधुमेह, आणि डॉक्टरांनी त्यांस भात सर्वथैव वर्ज्य केलेला! आता आपणच विचार करावा. आपल्या झाडीपट्टीत सारी पंगत भाताचे पर्वत उपसत असताना एका मानी पुरुषाने कोपऱ्यात कोरडी भाकर चघळावी, यापरता मानभंग कोणता? तेव्हा मी निश्चय केला, की त्या दिवशी भात कोणालाच वाढावयाचा नाही.

पर्याय चंद्रकलेने सुचविला. नागपूरच्या वसतिगृहातून ती सॅलड नामक विद्या संपादन करून आली आहे. (मी त्याचे ‘बहुशाकसंमेलन’ असे नामकरण केले, आपल्या भगिनी त्यास ‘पाला’ म्हणतात.) तलावातले उकडलेले शिंगाडे, मोड आलेले मूग, काकडी, टमाटे, गाजर, कोवळा मुळा स्वतःच्या पानांसह, कांद्याची पात आणि भाजलेले शेंगदाणे, एवढी प्रजा एका परातीत सुखाने नांदत होती. खरे शास्त्र वरून घालावयाच्या रसात. तीन भाग जवसाचे तेल, एक भाग घरच्या जांभळांचा शिरका, वाटलेली मोहरी, मीठ, मिरपूड व नावापुरता मध. तेल आणि आम्ल यांचे वैर जन्मजात असल्याने ते बाटलीत कोंडून जोराने हलवावे लागतात. हे मध्यस्थीचे कार्य मी स्वतःकडे घेतले आणि अशा आवेशाने पार पाडले, की बूच उडून प्रथम अभिषेक माझ्या टसरच्या उपरण्यास घडला. (टसर-रेशमाच्या व्यापाऱ्याने पाहुण्यांसमोर आपलाच माल असा मिरवू नये.) दुसरी बाटली चंद्रकलेने हलविली, रस दाट, एकजीव झाला. तिने बजावलेही, “बाबा, हा रस घातला का लगेच खावं लागते. नाही त पाला मरते.”

पाने मांडली. मी स्वहस्ते रस घातला, स्वहस्ते वाढले, आणि “होऊ द्या सावकाश” अशी प्रार्थना केली. मंडळी स्वस्थ. एकही हात पानाकडे जाईना. मला वाटले, हा विस्मय असावा. म्हणून मी अपक्व शाकांच्या आरोग्यदायी गुणांवर दहा मिनिटे विवेचन केले. मंडळी तरीही स्वस्थ. इतक्यात स्वयंपाकघरातून कन्येचा आर्त स्वर आला, “बाबा, पाला मरून राहिला ना!” तेव्हा कोठे माझी दृष्टी पानांवर गेली. पिढीजात सवयीने सारा ढीग मी डाव्या बाजूस, मीठ-लिंबाच्या शेजारी, कोशिंबिरीच्या स्थानी वाढला होता. भाताची मधली जागा आणि उजवी बाजू रिकामी. बिचारे सभ्यपणे भाताची वाट पाहत होते!

शेवटी मारोतराव म्हणाले, “मधुकरराव, मले भात बंद हाय, मान्य. पण ह्या बाकीच्यायनं काय गुन्हा केला जी?”

त्या क्षणी माझे संस्कृत मला सोडून गेले. एवढेच बोलू शकलो, “तुमी एकटे पडू नये म्हणून आज कोणालेच भात नाही.”

 मारोतरावांनी तो ढीग हाताने डावीकडून मधोमध ओढला आणि पहिला घास घेतला. “दोन वर्सं झाले,” ते म्हणाले, “सगळ्यायसंग एकच जेवण आज जेवून राहिलो.” मग काय विचारता! परात रिती झाली. भोजराजांनी तीनदा मागून घेतले. (सॅलडच्या ओढीने, की वाढावयास चंद्रकला येऊ लागली म्हणून, याचा निर्णय मी अद्याप दिलेला नाही.)

काल साकोलीहून पत्र आले: मुलगी पसंत! माझ्या विवेचनाचा हा प्रभाव पाहता विवाहाच्या पंगतीतही बहुशाकसंमेलनच भरवावे, असा मानस आहे. आपले आशीर्वाद असावेत.

आपला कृपाभिलाषी मेहुणा,
मधुकर

ता. क. मारोतरावांच्या पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: ‘आमच्या दोनशे वऱ्हाड्यांना मधुमेह नाही, याची नोंद घ्यावी.’ तरी आपल्या शेतातील नव्या चिन्नोर तांदळाची दोन पोती राखून ठेवावीत, ही नम्र विनंती.

आणखी ता. क. दादा, मी तुही बहीण शोभा लिहून राहिली. वरचं सारं मले वाचता नाही आलं, पण यायच्या भाषणानं काही झालं नाही. कुंताबाई, म्हणजे पोराची माय, चुलीपाशी माहा हात धरून म्हणाल्या, “दोन वर्सापासून हा माणूस पाला खा म्हटलं त माहं ऐकत नाही. आज पाला खाल्लन! हे पोरगी मलेच पाहिजे.” तवाच जमलं होतं. अन् पोते दोन नको, तीन पाठव. यायनं आपल्या घरच्यायले धरलंच नाही.