लांब दोरे

दि. ६ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पण वाचताना घाम फुटला. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणणारी तूच ना?

इकडे बरं आहे. मुलगा आणि सून सकाळी आपापली किल्ली घेऊन बाहेर पडतात, संध्याकाळी दमून येतात. ही गेल्यापासून दिवसभर घरात मी आणि फ्रीज. आवाज करतो तो फ्रीजच. परवा शर्टाचं बटण तुटलं. सून म्हणाली, बाबा, नवा घेऊ. पण मी हट्टाने सुई शोधून बसलो आणि एकदम आपली पुढची खोली डोळ्यांसमोर आली. आप्पांचं मशीन, इस्त्रीतल्या कोळशाचा वास, पायाखाली चिंध्या. शाळेला जायच्या आधी आपण दोघांनी आप्पांना दिवसभर लागतील तेवढ्या सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, पांढऱ्या एकीकडे, काळ्या एकीकडे. त्यांना कापड दिसायचं, सुईचं नेढं दिसायचं नाही. ते गिऱ्हाइकाला कळता कामा नये. शिंप्याचे डोळे अधू झाले म्हटल्यावर कापड कोण टाकणार? म्हणून दुकानाचं दार उघडायच्या आत आपलं काम उरकायचं.

बटण लावलं खरं, पण लोंबतंय. तू इकडे राहायला ये म्हणून किती वेळा लिहू?

लोभ आहे तो उसवू देऊ नकोस.

तुझा,
बटण्या


दि. १७ नोव्हेंबर १९९४

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

माझ्या अक्षरावर जाऊ नकोस, पेन गळकं आहे. तुझं बटण लोंबणारच. खालून दोऱ्याचे वेढे दिले नसशील. शिंप्याचा मुलगा म्हणे! तुझं शिक्षण सुया ओवण्यापाशीच संपलं, आणि त्यातही तू कामचुकार. सुया कमी ओवाव्या लागाव्यात म्हणून दोरा पार उंबऱ्यापर्यंत ओढायचास आणि गोट्या खेळायला धूम ठोकायचास. मग भर गिऱ्हाइकात आप्पांच्या हातात गुंता. ते नुसते खोकायचे. खोकला ऐकला की मी पाण्याचा पेला घेऊन पुढे जायची आणि गुंता फ्रॉकच्या खिशात घालून मागे आणायची. एकदा तुझी चुगली केली, तर म्हणाले, असू दे, पोराचं खेळायचं वय आहे. माझंही तेच वय होतं, पण मला कुणी तसं म्हणालं नाही. जाऊ दे. संध्याकाळी तू आलास की तुला कान धरून समोर बसवायची, दोऱ्याचं एक टोक तुझ्या हातात द्यायची आणि गुंता सोडवायची. तुझी बडबड काही थांबायची नाही. आता या खोलीत घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही.

थंडी पडली आहे. स्वेटरचं वरचं बटण गेलं, पण पीन लावून भागवते. शिवायचा कंटाळा. तिकडे यायचं म्हणशील तर घर कुणाच्या भरवशावर टाकू? मी मजेत आहे, माझी काळजी करू नकोस.

वेळेवर जेव, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. २६ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आणि पीन? गिऱ्हाईक पीन लावून आलं, तर आप्पा मापं घेण्याआधी ती काढून फुकटात टाका घालायचे. पीन म्हणजे शिंप्याच्या तोंडात मारल्यासारखं, असं म्हणायचे. ते तू विसरशील होय?

ताई, तुला नेढं दिसत नाही ना? गळकं पेन वगैरे मला सांगू नकोस. तूही आप्पांसारखी लपवायला लागलीस, पण मी काय गिऱ्हाईक आहे? वाचून तुझा राग आला आणि मग रडूही आलं.

सोबत फ्लॅनेलच्या तुकड्यात सुया ओवून टोचल्या आहेत. पांढऱ्या एकीकडे, काळ्या एकीकडे. एकदा डॉक्टरला डोळे दाखव. रागावू नकोस, एवढं मागणं ऐक.

तुझाच,
बटण्या


दि. ५ डिसेंबर १९९४

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

सुया मिळाल्या. मूळ स्वभाव जाईना, तो असा. केवढे लांब रे दोरे! मला बरेच दिवस पुरावेत म्हणून ठेवलेस, ते कळलं. पण पाकिटातच सगळे एकमेकांत अडकले. सकाळभर दारात उजेडाला बसले होते. बोटाला टोचली तेवढीच सुई सापडली.

डॉक्टरला मी मागेच दाखवलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून टाकू म्हणाले, फक्त येताना सोबत घरचं माणूस आणा. बरं म्हटलं आणि परत आले, ती पुन्हा गेलेच नाही. कुणाला नेऊ? तू सारखा ये म्हणतोस. येतो असं एकदाही लिहिलं नाहीस. मीही कधी ये म्हटलं नाही, मोठी ना मी! आज म्हणते. मला फार एकटं वाटतं रे. गुंता मांडीवर घेऊन बसले आहे, आणि समोर टोक धरायला कुणी नाही.

अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

ताई


दि. १२ डिसेंबर १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर लागलं. शुक्रवारी सकाळी पोचतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही. डॉक्टरला सांगून ठेव, घरचं माणूस येतंय.

स्वेटरची पीन काढून ठेव, बटण मी लावीन. लोंबलं तर लोंबलं.

आणि गुंत्याला कात्री लावू नकोस. तसाच राहू दे.

बाकी समोर बसल्यावर.

बटण्या