रक्तातलं वय

आई, सगळ्यांत आधी थोरल्या जाऊबाईच आल्या, न बोलावता. बारामतीहून रक्त तपासणारी माणसं आमच्या लासुर्ण्यात येणार हे त्यांना डेअरीवर कळलं, तर नवं लुगडं नेसून हजर. म्हटलं, "अवो, रक्त काढणार हायेत, फोटो न्हाय." तर म्हणतात, "तुला काय ठावं, दोन्ही काढत्याल."

मागून डॉक्टरबाई आली, माझ्या नातीएवढी, सोबत एक नर्स. त्यांना बीपीवाली म्हातारी माणसंच हवी होती. जेवणातली खनिजं, ते पोटॅशियम, मॅग्नेशियम का काय, कमी पडतात का, आणि बीपीनं अंगातल्या बारीक पेशी लवकर म्हाताऱ्या होतात का, ते शोधायचंय म्हणे. जाऊबाई लगेच बोलल्या, "मिनरल मिक्श्चर आमी गाईला देतो की, मापानं. माणसाला कोण देतंय?" डॉक्टरबाई हसून हसून लाल झाली. म्हणाली, "आजी, तुम्हाला ते पालेभाजीतून मिळतं." मग काय, मी सुटलेच. बाजरीची भाकरी, हरभऱ्याचा पाला, तीळ, शेंगदाणे. तुझ्या हातचा तांदुळजा कसा लागायचा तेही सांगितलं, पण ते काही तिनं लिहून घेतलं नाही.

मग वय विचारलं. माझ्या आधारवर जन्म एक जूनचा, जाऊबाईंचाही एक जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्मं गाव एक जूनलाच जन्माला घातलंय. मी म्हटलं, "बाई, पेशींचं वय कळतंय तर माझं खरं वय पण त्यातच बघा की."

हसत म्हटलं, पण आई, डोळ्यांपुढं तू होतीस. निरवांगीच्या आपल्या घरात तू डोक्याला फडकं गच्च आवळून भाकरी थापतीयेस, आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून मला बोलतीयेस, आणि बोलता बोलता तुझी जीभ जड होते. तुझं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं. मला बीपी निघाल्यापासून एकच भ्या, तू गेलीस त्या वयाला मी पोचले का अजून पोचायचीय? माझ्या डोळ्यांना तू कायम म्हातारीच दिसायचीस.

डॉक्टरबाई म्हणाली, "वर्षं नाही कळत, आजी. पेशी किती झिजल्या त्याचा अंदाज लागतो, तोही आम्ही अजून शिकतोय. मीठ कमी करा, गोळी चुकवू नका."

माझा चेहरा पडला. जाऊबाईंनी खोदून विचारलं, तसं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "खुळी का काय तू? आई गेली तवा तू पयल्या बाळंतपणाला म्हायेरी गेलेलीस. तिनं नातवंडाचं तोंड न्हाय बघितलं. आन् आता तुझी नात पोटुशी हाय. कवाच मागं टाकलंस तिला."

मी बोटांवर वर्षं मोजली. तुझी तेव्हा पुरती चाळिशीही झाली नसणार. एवढीशी बाई होतीस गं तू. आता मीच थोरली, म्हणून तुला सांगावंसं वाटतं, राहू दे त्या भाकरी, जरा आडवी हो.

हे कुठं धाडायचं नाहीच, म्हणून खरं लिहिते. रक्त तर काढून नेलं, पण रिपोर्टात काय निघतंय याची मला आता घाई नाही. मला त्या पोरीच परत यायला हव्यात, माझं बोलायचं बरंच राहिलंय. पुढच्या गुरुवारी येतो म्हणाल्यात.