गाय दोहायला लागतो तेवढा वेळ

काल आश्रमाचे सचिव रामुण्णी मेनन माझी चूल फीत लावून मोजून गेले. हे घर स्वामींचे जन्मस्थान म्हणून चुलीच्या जागी संगमरवर बसवायचा आहे. म्हणून मी, चेरुकडवुची कल्याणी अम्मा, मद्रासला तर्कशास्त्र शिकलेली आणि ते अजून न विसरलेली, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही भिडेला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहिते.

एक. आमच्यात घर आईकडून मुलींकडे येते. माझा धाकटा भाऊ अच्युतन, म्हणजेच स्वामी निर्लेपानंद, याने संन्यास घेताना स्वतःचे श्राद्ध स्वतः उरकले. मेलेल्याला वाटा नसतो. त्याच्या नावाने आश्रमालाही नाही. घर, माड आणि चूल माझ्या बहिणीची मुलगी कुंजुलक्ष्मी हिला.

दोन. चूल विझवू नये. संन्यासी भिक्षेसाठी गाय दोहायला लागतो तेवढाच वेळ दारात थांबतो. बऱ्याच वर्षांनी अच्युतन असा आमच्या दारी आला. नदीवरचे धुके अंगणात शिरले होते आणि त्यात त्याची भगवी छाटी दिव्यासारखी तरंगत होती. अम्माने, आमच्या आईने, त्याला ओळखले आणि तिथेच ती चुकली. कंजी, म्हणजे तांदळाची पेज, तयार असताना ती त्याच्या आवडीची अडा करायला बसली, केळीच्या पानात गूळखोबरे भरून. पान घेऊन बाहेर आली तेव्हा दारात नुसते धुके होते.

पुढे तो मला नदीच्या वाळूत भेटला. थोरली म्हणून मला तो ओप्पोळ म्हणे.

"जरा थांबला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

"थांबलो असतो तर एकट्या अम्माचा झालो असतो, ओप्पोळ. उंबरठ्याच्या आतलं आकाश निराळं थोडंच असतं?" मग म्हणाला, "वास मात्र नदी ओलांडेपर्यंत सोबत होता."

अजूनही पहाटे धुक्यात कोणी उभे आहे असे वाटते. मी बघायला जात नाही, आधी वाढते.

तीन. दारी आलेल्याला नावगाव विचारू नये. ओळखीत वेळ जातो. शिजले असेल ते द्यावे.

चार. पुस्तके मुलींच्या शाळेला. अच्युतनचा फोटो आश्रमाला. तिथे बसवलेली त्याची मूर्ती त्यांनी कोणाच्या तोंडावरून घडवली, देव जाणे. मेनन म्हणाले, "धुरानं भिंती काळ्या झाल्यात अम्मा, स्वामींना हे शोभतं का?" त्यांनाही माझ्यामागे जेवू घालावे, पण दारात उभे करून.

चेरुकडवु, नीळा नदीकाठ. मकर महिना, १९६८.
कल्याणी अम्मा (सही)
साक्षीदार: वैद्य शंकुण्णी वारियर, शेजारी वेलायुधन.

ता. क. आजच सुपूर्त केले: किल्ली, पळी, चुलीतला विस्तव. पळी कुंजुलक्ष्मीच्या हाती पडली तोच दारात कोणीतरी येऊन उभे राहिले. तिने मान वर न करता कंजी वाढली.