सहावा रोट

।। श्री ।।
सावदा, १३ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून आपल्या बोलण्याचा फायदा फक्त पोस्टाला होतो आहे. विक्रम म्हणतो, आत्याला मोबाइलवर लिहीत जा. मी म्हटलं, तिने जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, मोबाइलवरचं माझं मराठी पाहून तिला ताप भरेल.

आपली कानबाई माता रविवारी चौरंगावर थाटात बसली. सोमवारी तापीवर नेऊन बोळवली. यंदा रोटाचे गहू नव्या सूनबाईने, रूपालीने घेतले. पुरुषागणिक सव्वा मूठ: मी, विक्रम, आपला चुलत छगनभाऊ आणि त्याची दोन पोरं, असे पाच. सहावी मूठ आपल्या नवीनच्या नावाची. आई होती तोवर ती घ्यायची, मग दिपमाला घेत आली. यंदा मीच नको म्हटलं. अक्का, रागावू नकोस. समुद्राने नेलेल्या भावाला सव्वीस वर्षं झाली. त्याला जिवंत माणसांत अजून किती दिवस मोजायचं?

तर मोजून पाच माणसांचं पीठ मळलं आणि माणशी एक असे रोट लाटले, ते सहा झाले. पाचवा करून पाहिला तर परातीत एका रोटाचा गोळा तसाच. रूपाली बिचारी रडकुंडीला आली. दिपमाला म्हणाली, नव्या नवरीची मूठ, थोडी सैल सुटली असेल. मीही तेच म्हटलं. सहावा कोणाच्याच नावाचा नव्हता, म्हणून कोणी खाईना. शेवटी डब्यात घालून ठेवला आहे. रीतीप्रमाणे पौर्णिमेच्या आत कोणीतरी खाईलच.

बाकी बाग बरी आहे. गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो केळीच्या पिलासारखा बुडातून फुटत राहो.
तुझा,
प्रेमराज

---

धुळे, २३ ऑगस्ट २०२४

चि. प्रेमराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. राखी पौर्णिमा झाली, तुझी वाट पाहिली. दरवर्षी केळी आडवी येतात, यंदाही आली असतील. राखी पाकिटात घातली आहे, सूनबाईकडून बांधून घे.

मी रागावले नाही. मूठ घेणं न घेणं तुमच्या घरचं. मी परक्या घरी दिलेली मुलगी. आपल्या घरच्या रोटाचा तुकडासुद्धा लग्न झालेल्या लेकीला द्यायचा नाही, ही रीत आईने कडक पाळली. ती मोडली एकट्या नवीनने. माझं लग्न झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तू राखीला त्याला एसटीने घेऊन यायचास आणि हा पठ्ठ्या आपल्या वाटचा अर्धा रोट चड्डीच्या उजव्या खिशात लपवून आणायचा. चुरगाळलेला, खिशाची ऊब लागलेला. तू पाणी प्यायला आत गेलास की माझ्या हातात कोंबायचा. मास्तर होऊन कोकणात जाईपर्यंत त्याने हे चालवलं. तुला आजवर माहीत नव्हतं ना? आता झालं.

तो सहावा रोट डब्यात ठेवू नका. पौर्णिमा उलटून गेली. कोणी खाल्ला नसेल तर आई सोडायची तसा तापीत सोड. आई म्हणायची, तापी समुद्रालाच जाते, पोचेल त्याला. मी विज्ञान शिकवलं, पण तेवढ्यापुरतं तिला कधी खोडून काढलं नाही.

रूपालीला सांग, मूठ सैल सुटली तर एवढं रडू नये. कोणाची तरी आठवण त्यात पडली असेल.
तुझी,
अक्का (सरिता)

---

सावदा, १४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

केळीच्या कांदेबागेच्या लागवडीत बुडालो होतो, म्हणून उशीर. खिशाची गोष्ट मी ओसरीवर बसून दोनदा वाचली. मला वाटायचं, त्याचा खिसा तेलकट होतो तो जिलबीने.

आता वेगळीच भानगड ऐक. विक्रम-रूपालीने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना समुद्रावर न्यायचं ठरवलं आहे. तिथे होडीतून डॉल्फिन मासे दाखवतात म्हणे. विक्रम मला दुरुस्त करतो की ते मासे नव्हेत, ते वर येऊन श्वास घेतात. रविवार ८ डिसेंबर, सकाळी सातला होडी सुटणार. मी म्हटलं, जा बापा, पण कुठल्या किनाऱ्याला? त्याने गावाचं नाव सांगितलं आणि माझ्या हातातला चहा सांडला. अक्का, तीच खाडी. नवीनची शाळा होती तीच. पोराला माहीत नव्हतं, त्याने मोबाइलवर चांगलं दिसलं ते घेतलं. मी येणार नाही म्हणून सांगितलं. घरात तीन दिवस अबोला.

त्यात आणखी एक. दिवाळीची साफसफाई करताना दिपमालाला तो डबा सापडला. तापीत सोडायचा राहूनच गेला होता. दोन महिने होऊन गेले. ती नाकाला पदर लावून झाकण काढायला गेली, तर आत रोट जसाच्या तसा. ना बुरशी, ना वास. बोट लावलं तर मऊ. मला बोलावलं, मी पण दाबून पाहिला. झाकण लावून डबा परत फळीवर ठेवला आहे. फेकवत नाही आणि घरात असला की जेवण गोड लागत नाही. तू विज्ञानवाली, सांग हे कसं होतं.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
प्रेमराज

---

धुळे, २१ ऑक्टोबर २०२४

चि. प्रेमराज यास अनेक आशीर्वाद.

तूप जास्त पडलं असेल, डबा घट्ट असेल, हवा लागली नसेल. हे झालं विज्ञान. लिहिताना माझंच समाधान झालं नाही, पण लिहिलं.

पोरांना हिरमुसलं करू नकोस. सव्वीस वर्षांत तू नाशिकच्या पलीकडे गेला नाहीस. कुंभमेळ्यालासुद्धा गोदावरीत गुडघ्यापर्यंत उतरला नाहीस, छगनभाऊने लोटाभर पाणी डोक्यावर ओतलं तेव्हा पोरासारखा ओरडलास. सगळे हसले. मी हसले नाही. पाण्याला नाही, तू दुसऱ्याच कशाला तरी भितोस. काय ते मला लिही. माझे कान गेलेत, डोळे अजून चांगले आहेत.

वाट पाहते.
तुझी,
अक्का

---

सावदा, २२ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दिवाळी आली, गेली. मी तुझ्या पत्राला रोज उत्तर लिहायला बसलो आणि रोज उठलो.

पोरांची तयारी जोरात आहे. भुसावळहून दुर्बीण आणली आहे, ती घेऊन रूपाली गच्चीवरून लोकांच्या बागेतले घड मोजते. होडीवाल्याने सांगितलं आहे की भडक कपडे नकोत, आरडाओरड नको, पाण्यात खायचं काही टाकायचं नाही. पक्षी घिरट्या घालतील तिथे नजर ठेवायची. उलटी होऊ नये म्हणून दिपमालाने ओवा बांधून घेतला आहे आणि मला म्हणाली, यायचं नसलं तरी सवय करून ठेवा. म्हणून मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं करून विक्रमने बांधावरून फिरवलं. सगळी आळी पाहायला जमली. हसून घे, पुढचं हसण्यासारखं नाही.

होडीवाल्याला नाव-वयाची यादी द्यावी लागते, तितकी फुगीर जाकिटं तो ठेवतो. विक्रमने चार नावं पाठवली. माझंही घातलं, मला न विचारता. परवा यादी पक्की होऊन आली. तिच्यात पाच नावं. पाचवं: नवीन, वय २४.

विक्रम आधी माझ्यावर संशय घेऊन बसला, मग त्याने फोन लावला. होडीवाल्याच्या बायकोने उचलला. ती म्हणाली, तुमचा माणूस स्वतः धक्क्यावर येऊन नाव सांगून गेला. चोविशी-पंचविशीचा, मास्तरासारखा नीट भांग पाडलेला. दादा येनार हाये, मले बी जागा ठेवजा, असं म्हणाला. तिला ते मले काही कळेना, तिने विक्रमलाच विचारलं की मले म्हणजे काय. इतका नीटनेटका माणूस, पण पँटचा उजवा खिसा बाहेर उलटा लोंबत होता, रिकामा, म्हणून तिच्या लक्षात राहिला. विक्रम म्हणतो, कोणीतरी थट्टा करतं आहे. कोण करेल, अक्का? तिथे त्याचं नाव घेणारं कोणी उरलं आहे का?

आता तू विचारलंस ते लिहितो. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत नवीनने मला पत्र घातलं होतं. दादा, सुट्टीत मी गावी येत नाही, तू इकडे ये. इथे पाण्यातून पाठी वर येतात, तुला दाखवायच्या आहेत. होडी सांगून ठेवली आहे. मी येतो म्हणून उलट टपाली कळवलं. तेव्हा सावद्याला रोज केळीच्या वॅगन भरत होत्या, भाव चढला होता. मी गेलो नाही. येत नाही म्हणून कळवलंही नाही. तो दोन दिवस धक्क्यावर माझी वाट पाहत थांबला आणि तिसऱ्या दिवशी एकटा होडीत बसला. होडी आली, तो आला नाही. हे मी आईला सांगितलं नाही, दिपमालाला सांगितलं नाही. आणि यंदा त्याची मूठही मीच बंद केली.

मी गेलो तर तो मला काय म्हणेल? नाही गेलो तर आणखी किती दिवस तो तिथे उभा राहील? मला भीती वाटते, अक्का. खरीखुरी.
तुझा अपराधी,
प्रेमराज

---

धुळे, २७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेमराज यास अनेक आशीर्वाद.

मला ठाऊक होतं. त्या दिवाळीत त्याचं मलाही कार्ड आलं होतं: अक्का, दादा येतोय, दादाला डॉल्फिन दाखवतो, मग तुझ्याकडे येतो. ते कार्ड माझ्या पेटीत आहे. सव्वीस वर्षं मी तुला विचारलं नाही आणि तू मला सांगितलं नाहीस. मला तुझा राग यायचा, खूप यायचा. राखी बांधतानासुद्धा यायचा. मग तू अंघोळीला बादलीतूनही भीत भीत पाणी घेतोस हे दिपमालाने सांगितलं आणि तो राग हळूहळू जिरला.

थट्टा असेल तर होडीत एक जागा रिकामी राहील, आपलं काही जात नाही. थट्टा नसेल तर त्याला परत ताटकळत ठेवू नकोस. त्या खिशाचं वाचलं तेव्हापासून मला घास उतरत नाही. तो सहावा रोट स्वच्छ फडक्यात बांध आणि घेऊन जा. बाकी काही विचारू नकोस.

जाकीट नीट बांध. वरचं बकल लावायला विसरतोस तू, शर्टाचंही वरचं बटण कधी लावत नाहीस.
आशीर्वाद पाठीशी आहेतच.
अक्का

---

खाडीवरून, रविवार, ८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

गेलो. आलो. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

सकाळी सातला धक्क्यावर धुकं होतं. होडीवाल्याने पाच जाकिटं काढली, चार आम्ही चढवली, पाचवं त्याने मागच्या फळीवर, माझ्या शेजारी ठेवलं. यादीत आहे तर असू दे, म्हणाला. मी दोन्ही बकलं लावली. फडकं मांडीवर धरलं होतं. रूपालीने विचारलं, आबा, त्यात काय आहे? मी म्हटलं, शिदोरी.

खाडीच्या तोंडाशी त्याने यंत्र बंद केलं. इतकी शांतता मी आपल्या बागेतही ऐकली नाही. पक्षी फिरायला लागले. सगळे डावीकडे बघत होते. तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी कोणीतरी श्वास सोडल्यासारखा आवाज झाला आणि शेजारची फळी दबली, कोणी येऊन बसावं तशी. वळून बघायचं माझं धाडस झालं नाही. मी समोर बघूनच म्हणालो, बापा, उशीर झाला. तेव्हाच पाण्यातून पाठी वर आल्या. राखाडी, ओल्या, एकामागून एक. मोजल्या, सहा होत्या. पोरं आनंदाने एकमेकांचे हात दाबत होती, दिपमालाने नमस्कार केला. मी रडत होतो. सगळ्यांना वाटलं, खारं वारं लागलं.

पाठी दिसेनाशा झाल्यावर शेजारी पाहिलं. जाकीट तसंच फळीवर होतं, पण त्याची दोन्ही बकलं लावलेली. मी ती लावली नव्हती. परत येताना होडीवाल्याने सवयीने माणसं मोजली. जाताना पाच म्हणाला होता, आता चार म्हणाला, स्वतःच चपापला आणि पुन्हा मोजायला लागला.

धक्क्यावर उतरून मी फडकं सोडलं. मी एक गाठ मारली होती, आता दोन होत्या. आत अर्धा रोट. सुरीने कापलेला नव्हे, हाताने मोडलेला. आधी वाटलं, अर्धा राहिला, भूक नसेल. मग तुझं राखीचं पत्र आठवलं आणि हा अर्धा कोणाच्या वाटचा ते कळलं.

आम्ही इथे आणखी दोन दिवस आहोत. परतताना धुळ्याला येऊन मी तो हातात देऊ शकलो असतो. पण देणारा मी नाही. म्हणून उद्या सकाळी डाकेने पाठवतो आहे, फडक्यासकट, होत्या तशा दोन गाठी परत मारून. पुढच्या श्रावणात रूपालीला पाचच मुठी घ्यायला सांगेन. तो जेवून गेला.

अक्का, रीत मोडायची असेल तर मोड. तुझं तू ठरव.
तुझा धाकटा,
प्रेमराज

---

धुळे, १३ डिसेंबर २०२४

चि. प्रेमराज,

पार्सल चार दिवसांनी आज पोचलं. गाठी मीच सोडल्या. खाल्ला, चुरासुद्धा ठेवला नाही.

थोडा चुरगाळला होता. अजून खिशाची ऊब होती.
अक्का